सरकारांचा पंखा

माझ्याकडे बॅटरी मागायला आलेला माणूस खुर्चीवर टेकायच्या आधीच विचारतो, "मॅडम, सबसे अच्छी कौन सी है?" आणि माझं डोकं फिरतं. अरे बाबा, अच्छी कशासाठी? भिंतीवरच्या घड्याळाला लावायची आहे, की दवाखान्यातल्या लसीच्या फ्रिजला? रोज लागणार आहे, की वर्षातून एकदा? गार खोलीत ठेवणार, की ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पत्र्याखाली? मी आधी भूक विचारते, मग डबा भरते. ग्वाल्हेरच्याच मुरार भागात माझं बॅटऱ्यांचं वर्कशॉप आहे, वरच्या मजल्यावर मी राहते, आणि इतकी वर्षं या एकाच प्रश्नावर माझं पोट चाललंय. ही वीज खाणार कोण?

या प्रश्नाचं सगळ्यात विचित्र उत्तर मला माझ्या काकांनी दिलं. ते म्हणाले, "सरकार."

सरकार म्हणजे संगमरवराचा पुतळा. हे बाहेरगावच्या माणसाला नीट सांगावं लागतं, नाहीतर तो आम्हाला वेड्यात काढेल. दक्खनेतून इकडे आलेल्या मोठ्या मराठा घराण्यांच्या आमच्याकडे छत्र्या आहेत. घरातला कर्ता पुरुष गेला की त्याच्या नावाने छत्री बांधायची, आत त्याचा पुतळा बसवायचा, आणि मग तो पुतळा आहे असं कोणी म्हणायचं नाही. सकाळी त्याला उठवायचं, तोंड धुवायचं, अंगरखा घालायचा, पगडी ठेवायची, ताट वाढायचं, विडा द्यायचा. दुपारी समोरचा पडदा ओढायचा, मच्छरदाणी सोडायची, पंखा लावायचा आणि आवाज न करता बाहेर यायचं. गावातल्याच लष्कर भागात, खासगी बाजाराच्या मागच्या अंगाला एका सरदार घराण्याची अशीच लहानशी छत्री आहे. घराणं कधीच पुण्याला जाऊन राहिलं. सेवेला राहिले माझे काका, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आमचे पूर्वज त्या घराण्याच्या पदरी शिपाई. घोडे गेले, तलवारी गेल्या, शेवटी आमच्या वाट्याला सरकारांचा पंखा आला.

काकांनी लग्न केलं नाही. वडील गेल्यापासून माझ्यावर डोळे वटारणारं वडीलधारं माणूस तेवढं एकच उरलं. आणि ते डोळेच जायला लागले. मोतीबिंदू पिकून पिकून पार दगड झाला होता. माझा चेहरा समोर असला तरी ते माझ्या आवाजाकडे बघायचे. सरकारांची पगडी मात्र हाताने चाचपून अशी सरळ बसवायचे की डोळस माणसाला जमू नये. मी ओढत डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातला दाब वाढलाय, आता टाळलंत तर जी नजर जाईल ती परत येणार नाही.

"आणि ऑपरेशननंतर?" काकांनी विचारलं.

वाकायचं नाही, धूप-धूर नाही, पाण्याच्या कळश्या उचलायच्या नाहीत. दोन्ही डोळे होईपर्यंत निदान दोन महिने भाचीकडे, सॉरी, पुतणीकडे राहा, म्हणाले डॉक्टर. काका उठले, नमस्कार केला आणि दाराऐवजी कपाटाकडे चालू लागले.

रस्ताभर मी भांडले. सकाळ-संध्याकाळ मी येईन म्हटलं. उठवीन, जेवू घालीन, सगळं करीन.

"आणि दुपारी?"

दुपारी माझं वर्कशॉप. आणि उन्हाळ्यात दुपारीच लाईट जाते, ती कधी येईल याचा नेम नाही. लाईट गेली की काका वाळ्याचा हातपंखा घेऊन मच्छरदाणीशेजारी बसत, लाईट येईपर्यंत. झोपमोड होता कामा नये.

छत्रीच्या पायऱ्यांवर माझा तोल गेला. "काका, एका दगडासाठी तुम्ही आंधळे होणार आहात का?"

त्यांना राग आला नाही. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. आत झोपलेत."

भर दुपार होती. बाहेर उन्हाळी झळांची लू सुटलेली, बाजार बंद, कबुतरंसुद्धा गप्प. आणि मी, इंजिनिअर बाई, खरंच गप्प झाले. बंद दाराआड कोणी झोपलेलं असलं की घराला जी एक शांतता येते ना, तीच तिथे होती. रिकाम्या खोलीची शांतता वेगळी असते, ती काय मला माहीत नाही? अंगावर सर्रकन काटा आला आणि त्याचाच मला जास्त राग आला.

काकांनी अट घातली. "दुपारचा पंखा थांबणार नाही अशी सोय करून दे. मग तू म्हणशील तिथे डोळे कापून घेतो."

म्हणजे हिशेब सरळ होता. पंख्याची सोय झाली तर काकांचे डोळे वाचणार. नाही झाली तर नाही.

साधा इन्व्हर्टर आणि शिशाची बॅटरी लावली की झालं, असं कोणीही म्हणेल. पण ती तापली की आम्लाचा वास सोडते, आणि त्या बंद खोलीत जरीचे अंगरखे आणि चांदीचं तबक. काळं पडलं असतं सगळं. लिथियम म्हटलं तर पुण्याहून वहिनीसाहेबांचा, म्हणजे त्या घराण्याच्या सुनेचा, फोन आला. आमच्या इकडे हजीरा भागात चार्जिंगला लावलेली एक ई-रिक्षा पेटल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. "सरकारांच्या उशाशी आग नको हं," म्हणाल्या. म्हटलं, बरं.

मग उरली निकेल मेटल हायड्राइड. जुन्या हायब्रीड गाड्या भंगारात निघतात, त्यांतले संच मी आणत असते. या बॅटरीचा स्वभाव मला आवडतो. लिथियमएवढी हलकी नाही, पण भडकणारी नाही, आणि रोज थोडं काम दिलं की वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. नुसती बसवून ठेवली तर मात्र आपोआप रिकामी होते. कोणी मला क्वचित लागणाऱ्या इमर्जन्सी दिव्यासाठी भंगारातली निकेल मागितली तर मी देत नाही, ऐन वेळी दगा देईल. पण ज्याची झोप रोज दुपारी ठरलेली, त्याच्यासाठी ही अगदी मापाची. उलट नुसती बसून राहायचा तिला कधी प्रसंगच येणार नव्हता.

खरं काम असतं जुळवणीचं. एका माळेतले सगळे सेल सारख्या ताकदीचे लागतात. एखादा अशक्त निघाला तर तो सगळ्यांच्या आधी रिकामा होतो, आणि बाकीचे त्याच्यातून करंट ढकलतच राहतात. मग तो उलटा होतो. प्लसचा मायनस. मेल्यावरही त्याला चालायला लावतात म्हणा ना. मी एकेक तपासला, भरला, रिकामा केला, जे बरोबरीने थकतात तेच एकत्र बांधले. छतावरचा जुना पंखा काढून बॅटरीवर चालणारा, कमी खाणारा पंखा लावला. त्याला भिंतीवर वेगाचे आकडे लिहिलेली गोल कळ होती. ती दोनवर ठेवली आणि दुपार सहज निघेल असं गणित केलं.

चाचणीच्या दिवशी मी मेन स्विच पाडला आणि काकांबरोबर आत बसले. पंखा छान चालला. मग दुपार निम्मीही झाली नसेल आणि मंदावला, थांबला. काकांनी निमूटपणे वाळ्याचा पंखा उचलला.

असं कसं होईल? माझं गणित चुकत नाही. मी बॅटरीची पेटी ठेवली होती तिथे गेले तर पेटी दिसेना. दिसली ती लाल मखमलीची गादीसारखी वस्तू. काकांनी पेटीला गवसणी शिवली होती! आत कापूस भरून, वर जरीचा काठ, खाली नाडी. चाचपून चाचपून आठवडाभर शिवत बसले असणार.

"काका, हे काय?"

"सरकारांच्या खोलीत उघडीनागडी वस्तू शोभत नाही. इथे सगळ्यांना कपडे आहेत."

डोकं धरून बसले मी. मे महिन्यात बॅटरीला रजई! निकेल तापली की पोटभर खातच नाही, वरवर चार घास घेते आणि चार्जरला वाटतं पोट भरलं. हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात मच्छरदाणी हलली.

मी वर पाहिलं. पंखा फिरत होता. मेन स्विच पाडलेला, बॅटरी रिकामी, आणि पाती हळूहळू, कोणी झोपेतून उठून अंग सावरावं तशी फिरत होती. तीनचार फेरे झाले आणि थांबली. आम्ही दोघं तशीच बसून राहिलो. थोड्या वेळाने परत फिरली. परत थांबली.

त्याचं कारण मला माहीत होतं. रिकामी निकेल थोडी विसावली की तिचा व्होल्टेज आपोआप वर येतो, बॅटरी संपली की पंखा तोडणाऱ्या माझ्या सर्किटला वाटतं ती भरली, आणि ते पंखा जोडून टाकतं. मी ते भराभरा काकांना सांगितलंसुद्धा, स्वतःलाच ऐकवत असल्यासारखं. ते मान हलवत ऐकत होते.

"म्हणजे संपली नव्हती," ते म्हणाले. "दमली होती. थोडं पडलं की माणसाला बरं वाटतं."

पडद्याच्या फटीतून सरकारांचे रंगवलेले डोळे दिसत होते. मी उठून फट बंद केली.

सर्किट दुरुस्त केलं. पेटी बाहेर ओसरीवर, पाण्याच्या माठांशेजारी सावलीत ठेवली आणि काकांच्या मनासाठी तिच्यावर हवा खेळेल असं पातळ मलमल टाकलं. पुढच्या चाचणीला पंखा दुपारभर चालून वर उरला. काकांनी सरकारांना मुजरा केला, "दोन महिन्यांची रजा द्यावी," म्हणाले, आणि माझ्या गाडीत बसले.

मग सुरू झाली माझी पाळी. पहाटे उठून मुरारहून लष्कर. पहिल्या दिवशी मी नुसती उभीच राहिले. म्हणायचं काय? "सरकार, उठावं," असं म्हटलं आणि माझाच आवाज ऐकून मला हसू फुटलं. दुसऱ्या दिवशी हसू नाही आलं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मी त्यांच्याकडे पाठ करून बाहेर येणं बंद केलं. कोणी सांगितलं नव्हतं. पाठ फिरवली की मानेवर नजर जाणवायची. रागाची नव्हे. नव्या नोकराला घरातली माणसं जोखतात ना, तशी.

दुपारी त्यांना झोपवून मी कुलूप लावायची. किल्ली माझ्या पर्समध्ये, दुसरी किल्ली पुण्याला. पंखा किती खातो ते बघायला मी एक छोटं मीटर बसवलं होतं, ते मोबाईलवर दिसायचं. आणि त्यात काहीतरी बसेना. पंखा माझ्या गणितापेक्षा जास्त खात होता. रोज. दुपार चढली की आकडा वर.

संध्याकाळी जाऊन पाहिलं तर कळ तीनवर.

मीच ठेवली असेन म्हणून दोनवर केली. दुसऱ्या दिवशी परत तीनवर. ढिली झाली असेल, कंपनाने सरकत असेल, म्हणून कळच बदलली. चांगली घट्ट, फिरवताना बोटं दुखतील अशी. त्या दिवशी मी वर्कशॉपमध्ये मोबाईल समोर ठेवून बसले होते. गिऱ्हाईक काहीतरी बोलत होतं आणि माझं लक्ष नव्हतं. आकडा स्थिर होता, स्थिर होता, आणि मग वर गेला. एकदाच. कोणीतरी कळ फिरवल्यासारखा.

मी गाडी काढली. कशी पोहोचले माझं मला ठाऊक. कुलूप जसंच्या तसं. आत गेले. पंखा तीनवर, मच्छरदाणी आत-बाहेर होत होती, विड्याचा वास. खोलीत कोणी नव्हतं असं लिहायला हवं. पण मला तसं लिहवत नाही. मी दारातच उभी राहून हळूच म्हटलं, "झोपावं. मी आहे." आणि दार ओढून बाहेर पायरीवर येऊन बसले.

रात्रीच्या जेवणाआधी काकांच्या डोळ्यात थेंब घालत होते, तर पट्टी काढलेल्या डोळ्याने आढ्याकडे बघत ते म्हणाले, "अगं, तुला सांगायचंच राहिलं. ऊन वाढलं की त्यांना पंखा थोडा जोरात लागतो."

थेंब गालावर पडला. दुसऱ्या दिवशी मी कळ आपणहून तीनवर ठेवली आणि बॅटरीला आणखी एक माळ जोडली. भूक वाढली तर डबा मोठा करायचा, एवढंच आपल्या हातात. त्यानंतर कळ कधी हलली नाही. लाईट किती वेळा गेली, किती वेळ गेली, पंखा एकदाही थांबला नाही. शब्द दिला होता, तो पाळला, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

दोन्ही डोळे झाले. काका घरात खूश. नव्या डोळ्यांनी त्यांनी माझ्या सगळ्या घराची झडती घेतली. कोपऱ्यातली जाळी काढ म्हणाले, गॅसच्या शेगडीवर ओरडले, आणि मग माझ्याकडे बराच वेळ टक लावून बघत म्हणाले, "अगं, तू म्हातारी कधी झालीस?"

"मोतीबिंदूतच बरी होते की हो मी! उगीच काढला."

दोघंही पोट धरधरून हसलो. डोळे पुसताना मला वाटलं, जिंकलो आपण.

डॉक्टरांनी मोकळं केलं त्या सकाळी काकांनी दाढी केली, नवं धोतर नेसले, आणि मी त्यांना लष्करात घेऊन गेले. सरकारांची तयारी मी आधीच करून ठेवली होती. पगडी चारदा सरळ केली होती, काका बघणार म्हणून. त्यांनी बाहेरच चपला काढल्या. "सरकार, आलो," असं दारातूनच म्हणाले, अगदी लहान पोरासारखे. आत गेले आणि पडदा सारला.

मला त्यांची पाठ दिसत होती. मुजऱ्याला वाकलेली पाठ अर्ध्यातच थांबली. ते पुढे गेले. गालाला हात लावला. मग नाकाखाली दोन बोटं धरली, आपण माणसाच्या धरतो तशी, आणि बराच वेळ धरून ठेवली.

"कधी गेले?"

"कोण, काका?"

"अंग पांढरंफटक पडलंय," ते म्हणाले. "ओठ निळे झालेत बघ. तुझ्या लक्षात कसं नाही आलं?"

मला एका क्षणात समजलं. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यातली काच, म्हणजे भिंग, पिवळी असते. काकांनी कित्येक वर्षं तो दगड त्या पिवळ्यातून पाहिला होता, माणसाच्या कातडीच्या रंगाचा. नवी काच बसली की पांढरं निळसर दिसतं काही दिवस. हे मला एका वाक्यात सांगता आलं असतं. कशामुळे काय होतं ते सांगणं हाच तर माझा धंदा. पण मी ते सांगितलं नाही. कारण मीही आत पाऊल टाकलं होतं, आणि आईशप्पथ सांगते, त्या खोलीत कोणी नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नव्हतं.

काका वळले. धुतल्यासारखे स्वच्छ डोळे, आणि त्यात मला बघवेना असं काहीतरी.

"पंखा थांबला होता का गं?"

"नाही काका."

"खरं सांग. मी रागावणार नाही."

"तुमची शपथ. एकदाही नाही."

त्यांनी मान हलवली. माझ्याजवळ आले, डोक्यावर हात ठेवला, आणि मलाच धीर दिला. "मग झोपेतच गेले. त्रास नाही झाला त्यांना."

त्यांनी दोन्ही हातांनी पगडी उतरवून तबकात ठेवली. मग जमिनीवर बसले आणि रडायला लागले. माझे वडील गेले तेव्हा हा माणूस असा रडला नव्हता. मी शेजारी बसले, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, आणि माझेही गाल ओले झाले, कोणासाठी ते मला आजही सांगता येत नाही.

"आंघोळीचं पाणी काढ," थोड्या वेळाने ते म्हणाले. "आणि पंखा बंद कर. आता वारा कशाला."

मी उठले. कळ खरंच घट्ट होती, दोन्ही हात लावावे लागले.